पंगतीला तीन वाढपी

२० जानेवारी १९९२

आज सकाळी भय्यासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "नीलकंठराव, आपल्याला फाइल सर्व्हर पाहिजे." जशी एखादी खुर्ची पाहिजे. मी दोन वर्षांपासून हेच घसा कोरडा करून सांगून राहिलो, तेव्हा "बघू, बघू" चाललं होतं. परवा भोपाळला कोणाच्या तरी ऑफिसात पाहून आले, म्हणून आता ती कल्पना त्यांची झाली. ठीक आहे. कोंबडं कोणाचंही आरवो, उजाडल्याशी मतलब.

आमचं जबलपूरच्या राइट टाउनमधलं ऑफिस कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढतं. पाच वर्कस्टेशनं आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात आपापले नकाशे. एकाला दुसऱ्याचा नकाशा पाहिजे असला की टेपवर उतरवा, टेप घेऊन चालत जा, तिकडे चढवा, आणि तोवर पहिल्याने मूळ नकाशा बदललेला असतो. मागच्या पावसाळ्यात एकाच पुलाचे दोन वेगवेगळे खांब आम्ही दोन गावांना पाठवले. सर्व्हर म्हणजे एका वर्कस्टेशनला मोठ्या डिस्क जोडायच्या, सगळे नकाशे तिथे ठेवायचे, आणि बाकीच्यांनी तारेवरून तिथूनच उचलायचे. प्रश्न एवढाच, की डिस्क कोणती आणि ती मशीनला जोडायची कशी. हे मी ठरवायचं आहे. म्हणजे ठरवणार भय्यासाहेब, आणि चुकलं तर मी.

घरी आलो तर गोंदियाहून अक्काचं पत्र. अंजनीचं लग्न ठरलं, दहा मे. अंजनी म्हणजे अक्काची मुलगी, माझी भाची. तिचे वडील गेल्यापासून कॉलेजसाठी आमच्याकडेच आहे, तीन वर्षं झाली. पत्र वाचून झाल्यावर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, कन्यादान मोठे काका करणार, ते ठीक आहे. पण मांडवात मला तुम्हीच घेऊन जायचं. तुळशीराम मामा नाही. प्रॉमिस?"

मी म्हटलं, अगं, तुळशीराम माझा चुलत भाऊ, सख्खा मामा मी. दुसरं कोण नेणार? तरी तिने हात पुढे केला आणि मला त्यावर हात ठेवायला लावला.

२४ जानेवारी

डोकं फिरायची पाळी आहे. टेबलावर दोन जातींची पत्रकं पसरली आहेत. एक एसएमडी. कपाटाएवढी एकच डिस्क, मनगटाएवढ्या जाड केबली, वेगळं कंट्रोलर कार्ड. जुनी, खात्रीची आणि वेगवान. दुसरी स्कझी. बुटाच्या खोक्याएवढ्या पेट्या. एकीतून केबल निघून दुसरीत जाते, दुसरीतून तिसरीत, अशी साखळी. पत्रकावरच्या आकड्यांत एकेक पेटी त्या कपाटापेक्षा हळू आहे.

भय्यासाहेबांनी बोट तेवढ्या आकड्यावर ठेवलं. "मोठी जास्त फास्ट आहे. इथे छापलं आहे."

मी म्हटलं, भय्यासाहेब, लग्नाच्या पंगतीत एकच वाढपी ठेवला, कितीही चपळ असो, तर या टोकाला भात मागितला की त्या टोकाचा वरणासाठी ताटकळतो. आपल्याकडे पाच जण एकाच वेळी पाच वेगवेगळे नकाशे मागणार. त्या एकट्या डिस्कचा हात इकडून तिकडे धावण्यातच दमेल. त्यापेक्षा तीन साधे वाढपी लावा. आणि आपली तार तरी कुठे एवढी मोठी आहे? कपाटाने कितीही धो-धो ओतलं तरी तारेतून जायचं तेवढंच जाईल.

मला हे समजवायला पाव तास लागला. विनता तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मतलब सर, एक बड़े हाथ से तीन छोटे हाथ अच्छे." भय्यासाहेब म्हणाले, "हां, अब समझा." मी काय चिनी भाषेत बोलून राहिलो होतो?

ही विनता म्हणजे मागच्या वर्षी लागलेली इंजिनीअर. आई-बाप वरुडकडचे, घरी मराठी, पण मी मराठीत विचारलं तरी पोरगी उत्तर हिंदीत देते. आणि दिवसभर क्यों, क्यों. ही केबल इथेच क्यों, ती तिथेच क्यों. आमच्या वेळी वरिष्ठ करत तसं करायचं आणि गप राहायचं, एवढंच होतं.

शेवटी भय्यासाहेब म्हणाले, "पण नीलकंठराव, वाढपी दिसला पण पाहिजे ना. बाहेरची मंडळी ऑफिस पाहायला येतात. त्यांना काय खोके दाखवू?"

मी पत्रकं गोळा केली आणि बाहेर आलो.

६ फेब्रुवारी

इंदूरहून विक्रेत्याचा माणूस आला. टाय, अत्तर आणि ओठांवर एकच वाक्य, "दोनों एकदम बढ़िया है सर." मी विचारलं, पाच जण एकदम लिहायला लागले तर काय होईल? त्याने माझंच पत्रक मला वाचून दाखवलं. मी विचारलं, उन्हाळ्यात इथे दिवसातून चारदा लाइट जाते, परत आल्यावर कोण कोणाच्या आधी सुरू व्हायला पाहिजे? तो म्हणाला, "सब ऑटोमैटिक है." गाढवापुढे वाचली गीता.

तो गेल्यावर भय्यासाहेबांना नवीन विचार सुचला. एक मोठी पण घेऊ, दोन लहान पण घेऊ. म्हणजे दोन कार्डं, दोन जातीच्या केबली, दोन प्रकारचे आजार आणि वैद्य एकच, मी. मी म्हटलं, असं करायचं असेल तर माझा राजीनामा घ्या. ते हसले. माझा राजीनामा ते वर्षातून तीनदा ऐकतात.

१२ फेब्रुवारी

ठरलं. स्कझी, तीन पेट्या.

कसं ठरलं ते लिहून ठेवतो, म्हणजे म्हातारपणी हसायला बरं. मी तीन पानांचं टिपण केलं होतं. ते भय्यासाहेबांनी वाचलं नाही. आज बोलता बोलता मी सहज म्हटलं, की कपाटवाल्या डिस्कला एसी लागतोच, आणि नवीन एसी येईपर्यंत तुमच्या केबिनचा काढून तिकडे लावावा लागेल. जबलपूरचा मे महिना आठवला असावा. दोन मिनिटांत म्हणाले, "लहान पेट्याच बऱ्या. तुम्ही म्हणता ते तीन वाढपी."

जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटत नाही.

१९ मार्च

पेट्या आल्या. तीन पेट्या, एक साखळी, आणि शेवटच्या पेटीच्या मोकळ्या तोंडात बसवायची एक टोपी. टोपी म्हणजे टर्मिनेटर. ती नसली तर तारेतला संदेश टोकाला आपटून परत फिरतो आणि सगळा गोंधळ करतो.

सकाळपासून मशीनला तीनपैकी दोनच पेट्या दिसून राहिल्या. केबली काढल्या, घातल्या, टोपी काढली, घातली. विक्रेत्याला इंदूरला फोन लावला तर तो "मीटिंगमध्ये". नथ्थू, म्हणजे आमचा चपराशी, दर अर्ध्या तासाने चहा घेऊन येई आणि विचारी, "साहब, चालू हुआ?" दुपारी त्याला खोलीतून हाकललं.

जेवणानंतर विनता पेट्यांच्या मागे वाकून म्हणाली, "सर, इन दोनों पे एक ही नंबर है." प्रत्येक पेटीच्या मागे एक बारीक चाक असतं, त्यावर तिचा क्रमांक. दोन पेट्यांचा क्रमांक एकच राहिला होता. एका घरात दोन माणसांचं नाव एकच ठेवलं तर हाक मारल्यावर व्हायचं तेच. तिने चाक फिरवलं, तिन्ही दिसल्या. मी तेच पाहणार होतो.

मग पासवर्ड टाकून सगळं लावून घेतलं. पासवर्ड इथेही लिहीत नाही. एवढंच म्हणतो, की जे नाव मी घरात दिवसातून दहादा घेतो ते कोणाच्या डोक्यात येणार नाही. मी टाइप करत असताना विनता खिडकीबाहेर पाहत होती. आजकालच्या पोरांना शिकायची आवडच नाही. नथ्थू दारात उभा राहून उगाच हसत होता.

२ एप्रिल

सर्व्हर चालला. देवाशपथ, चांगला चालला. पाचही जण एकदम काम करतात, कोणी ताटकळत नाही. पुलाला आता एकच खांब आहे. भय्यासाहेब भोपाळच्या पाहुण्यांना पेट्या दाखवताना म्हणाले, "ये हमारा तीन वेटर वाला सिस्टम है." म्हणोत.

पण माझ्या नाकी नऊ आले आहेत. लाइट जाते, परत येते. आधी तिन्ही पेट्या चालू करायच्या, त्यांचा आवाज स्थिर होऊ द्यायचा, मगच मशीन. उलट केलं तर मशीन पेट्यांना ओळखतच नाही. हे कोणाला सांगायला गेलो तर एक सांगेन, दहा करतील, म्हणून मीच करतो. फाइल दिसत नाही, नीलकंठजी. जागा भरली, नीलकंठजी. नकाशे छापणारा प्लॉटर रुसला, नीलकंठजी. रविवारी सकाळी नथ्थू सायकलीवर घरी आला. मी दाढीचा साबण लावलेल्या तोंडाने स्कूटर काढली.

परत आलो तर बायको, इंदू, ओट्यापाशी होती. म्हणाली, "त्या पोरीला काहून नाही शिकवत? विनताला?"

मी म्हटलं, घराची किल्ली कोणी वाटत फिरतं का?

"त्या डब्यांना तीन वाढपी लावून राहिले, अन् सगळ्या हापिसाला तुम्ही एकटेच काहून वाढून राहिले?"

इंदूला डिस्कमधलं काही कळत नाही. मी राहिलेली दाढी करायला गेलो.

११ एप्रिल

अंजनी आज गोंदियाला गेली. स्टेशनवर छोट्या लाइनीच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, डब्यात बसवून दिली. खिडकीतून म्हणाली, "मामा, नऊ तारखेला नाही, सातलाच या. आणि तुमचं मशीन सोबत आणू नका." गाडी हलली तरी हात हलवून राहिली होती. तीन वर्षं सकाळी माझा चहा तीच करत होती. घर एकदम मोठं झालं आहे.

ऑफिसात रजेचा अर्ज दिला. नेमकी बारा मेला बरगीकडच्या कालव्याचे सगळे नकाशे द्यायचे आहेत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मला वाटलं भय्यासाहेब रजा नाकारतील. म्हणजे खरं सांगायचं तर मला वाटलं ते नाकारतील आणि मग मी भांडेन. ते म्हणाले, "जा ना, भाचीचं लग्न आहे. विनताला सगळं सांगून जा फक्त."

हे "फक्त" म्हणणं किती सोपं असतं.

२३ एप्रिल

विनताला शिकवलं. खोलीत बसवून तासभर. साखळी, क्रमांक, टोपी, कोणत्या पेटीवर काय आहे. ती मान हलवत होती. मी मध्येच विचारलं, बरं, लाइट आली तर आधी काय? तिने एका श्वासात सगळं सांगितलं, पेट्या, आवाज, मग मशीन, मग तपासणी, मग बाकीच्यांना हाक. हे हिला कोणी सांगितलं? मी विचारलं तर म्हणाली, "रोज देखती हूं सर."

पाहणं आणि करणं यात फरक आहे. माझी एक पद्धत आहे, मी तिसरी पेटी सुरू केल्यावर हात ठेवून पाहतो, थरथर किती आहे ते. ते शिकवता येत नाही. पासवर्डही दिला नाही. म्हटलं, वेळ आली तर मी फोनवर सांगेन. गोंदियात लग्नघरासमोरच एसटीडीचं दुकान आहे, मला ठाऊक आहे.

ती काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "जी सर," आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहायला लागली.

६ मे

उद्या पहाटे निघायचं. अष्टपुत्री घेतली. मामाकडची पिवळी साडी, सदर बाजारातून, इंदूने तीन दुकानं पालथी घातली. मला म्हणे रंग पाहा. मी पाहिला, पिवळा आहे.

ऑफिसातून निघताना विनताला पुन्हा एकदा सगळं विचारलं. टोपी घट्ट आहे ना? पेट्यांवर कोणी फाइलींचा ढीग ठेवला नाही ना? लाइट गेली तर मला फोन, आली तरी मला फोन. तुळशीरामच्या राइस मिलचा नंबर दिला. ती म्हणाली, "सर, आप शादी में जाइए. टेंशन मत लीजिए." तिचं वय पाहता टेंशन म्हणजे काय हे तिला कळायला वेळ आहे.

८ मे, गोंदिया

काल आल्या आल्या तुळशीराम पाठीवर थाप मारून ओरडला, "आले बाप्पा, एमपीवाले आले!" छप्पन साली प्रांत वेगळे झाले, माझे वडील जबलपुरातच राहिले, यात माझी काय चूक? तरी हा माणूस दर लग्नात हेच म्हणतो आणि दर लग्नात लोक हसतात.

अक्का भेटली तेव्हा थोडी रडली. अंजनीने साडी हातात घेतली, पदर उलगडून पाहिला आणि उलगडलेला तसाच ठेवून पाया पडली. म्हणाली, "मामी, ही तुम्हीच पसंत केली ना? मामा तर पिवळी आहे एवढंच सांगतील." हे हिला कसं कळलं?

आज ऑफिसला फोन केला. सकाळी लागला नाही, दुपारी लागला. विनता म्हणाली सगळं ठीक. संध्याकाळी पुन्हा केला. सगळं ठीक. दोन्ही वेळा आवाज मला जरा जास्तच शांत वाटला. ती काही लपवून राहिली आहे का? इंदू म्हणते, "ठीक आहे म्हणते तर ठीकच असेल ना. काहून फोनला चिकटले?" लग्नघरात आंबे मोजायला, मांडवाचे बांबू पाहायला मला बोलावतात, मी जातो, पण लक्ष नाही.

११ मे, गोंदिया, सकाळ

काल लग्न झालं. लिहायचं मन नाही, पण लिहिलं नाही तर मीच स्वतःला उद्या वेगळं काहीतरी सांगेन, म्हणून लिहितो.

मुहूर्त गोरजाचा होता. दुपारी चारला ऑफिसला फोन लावला, लागला नाही. साडेचारला नाही. पाचला नाही. रविवार असला तरी बारा तारखेच्या कामासाठी सगळे ऑफिसात होते, म्हणजे फोन उचलायला कोणी नाही असं होणार नाही. मग काय झालं? लाइट गेली? पेट्या आधी की मशीन आधी, विसरली? कालव्याचे नकाशे गेले? तोवर अंजनी आत गौरीहराजवळ बसली होती, पिवळ्या साडीत, अन्नपूर्णेपुढे तांदूळ टाकत. मी दारातून पाहिलं. तिने मान वर केली, हसली आणि खुणेने विचारलं, आहात ना? मी मान हलवली.

वरात चौकात नाचून राहिली होती. मी स्वतः पाहून आलो. बँडवाला दमला तरी पोरं दमायला तयार नव्हती. म्हटलं, हे अजून अर्धा तास तरी दारात येत नाहीत. रस्ता ओलांडला की एसटीडी. इंदूला म्हटलं, आलोच. ती म्हणाली, "आता? अहो, कधीही बोलावतील." मी म्हटलं, वरात पाहा ना कुठे आहे ती.

दुकानात माझ्यापुढे एक माणूस होता. धानाचा भाव विचारत होता, नागपूरला, आणि मग त्याच फोनवर घरच्या प्रत्येकाची खुशाली. शेवटी माझी पाळी आली. नंबर एंगेज. पुन्हा एंगेज. पुन्हा. मग लागला.

"विनता, काय झालं? फोन कोणी उचलत नाही."

"सर, फोन डेड था. अभी ठीक हुआ. बीच में लाइट भी गई थी, लंबी."

मी विचारलं, "मग? मशीन?"

"चालू है सर. पहले तीनों पेटी, फिर मशीन. सब काम कर रहे हैं."

"टोपी पाहिली?"

"देखी सर."

"तिसऱ्या पेटीवर हात ठेवून पाहिला?"

"रखा सर. नॉर्मल है."

"पण सुरू करायला पासवर्ड लागतो. तो तू कुठून आणला?"

 ती हळूच म्हणाली, "सर, आप टाइप करते टाइम बोलते हैं. ए, एन, जे... पूरे ऑफिस को पता है. नथ्थू भैया को भी. मैं इसलिए खिड़की की तरफ देखती थी, कि आपको बुरा न लगे." मग म्हणाली, "आपकी भांजी का नाम है ना सर? आज उन्हीं की शादी है ना?"

 कानशिलं तापली. मी म्हटलं, ते राहू दे, दुसऱ्या पेटीत जागा किती उरली आहे ते पाहून सांग. काहून विचारलं मी ते? मला त्याची गरज नव्हती. ती पाहायला गेली. मी फोन कानाला लावून उभा राहिलो.

ती परत आली. आकडा सांगितला नाही. तिकडून एकदम मराठीत म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा, "सर, तुम्ही कुठून बोलून राहिले? मागे मंगलाष्टकं ऐकू येऊन राहिली."

मी वळून पाहिलं. समोरच्या मांडवाच्या भोंग्यातून गुरुजींचा आवाज येत होता. एवढा वेळ तो माझ्या कानावर पडतच असणार. काच लावलेलं दुकान आणि एका कानाला फोन, पण ती जबलपुरात बसून ऐकते आणि मला ऐकू येत नाही?

"सर, मुलीला मांडवात कोणी आणलं?" तिने विचारलं.

फोन ठेवला की तसाच सोडला, आठवत नाही. धावलो. मांडवात शिरलो तेव्हा सगळे उभे होते, हातात अक्षता. आंतरपाटाच्या अलीकडे अंजनी, खाली मान, आणि तिच्या मागे मामाच्या जागी तुळशीराम. फेटा बांधलेला, डोळे पुसत होता. हा माणूस दर गोष्टीत मोठ्याने हसतो, काल रडत होता. वरात चौकातून दुसऱ्या रस्त्याने केव्हाच दारात आली होती. इंदू नंतर म्हणाली, गुरुजींनी भोंग्यावरून तीनदा पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." तीनदा. अक्काने चौथ्यांदा पुकारू दिलं नाही, मुहूर्त जात होता. अंजनी म्हणे म्हणाली, "थांबा ना, ते येतीलच," आणि दाराकडे पाहून राहिली होती. मग तुळशीरामने तिचा हात धरला.

शेवटच्या अष्टकाला मी मागच्या रांगेतून अक्षता टाकल्या. त्या तिच्यापर्यंत पोचल्या नसतील.

जेवणं झाली. पंगतीत वाढपी नीट होते, या टोकाला एक, त्या टोकाला एक, मध्ये एक. कोणी ताटकळलं नाही. मला इंदूचं ते एप्रिलमधलं बोलणं आठवलं. इंदूने माझ्याकडे पाहिलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

अक्का रागावली नाही. म्हणाली, "नीलू, तुझं काम मोठं आहे रे." ती खरंच तसं समजते. मी तिला सांगू शकलो नाही, की काम कोणी अडवलंच नव्हतं. तिकडे सगळं माझ्यावाचून सुरळीत चाललं होतं आणि मी ते चाललं आहे की नाही हे पाहायला गेलो होतो.

निघायच्या वेळी अंजनी एकेकाच्या पाया पडत आली. तुळशीरामच्या गळ्यात पडून रडली. माझ्यासमोर आली, वाकली. मला वाटलं आता ही काहीतरी बोलेल, भांडेल, आणि मी ऐकून घेईन. मी म्हणायला सुरुवात केली, अंजू, मी तिथे फक्त...

तिने मला पुरं बोलू दिलं नाही. डोळे पुसले, आणि तीन वर्षं सकाळी चहा देताना विचारायची तशाच आवाजात, जराही टोमणा न मारता विचारलं, "मामा, मशीन चालू झालं ना तुमचं?"

मी म्हटलं, हो. ते चालूच होतं.